सोलापूरच्या शिवारातील जुनी हार्वेस्टर यंत्रे

१९८० हे साल सोलापूर जिल्ह्याच्या दफ्तरात भीमेवरील उजनी धरण पुरे झाल्याचे साल म्हणून नोंदले गेले आहे. आणि त्याच वर्षी पंजाबातील मोहालीस पंजाब ट्रॅक्टर्स या कंपनीने ‘स्वराज ८१००’ हे स्वदेशी बनावटीचे, स्वतःच्या इंजिनावर चालणारे कापणी-मळणी यंत्र बाजारात आणले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध जडेल असे त्या काळी कोणाच्या मनातही आले नसेल. परंतु धरणाचे पाणी कालव्यांवाटे माढा, मोहोळ, पंढरपूरच्या रानांत पोहोचले, पीकरचना पालटली, आणि ज्या जिल्ह्याला अशा यंत्राची गरजच नव्हती त्या जिल्ह्यात ती यंत्रे येऊ लागली : प्रथम भाड्याने, पुढे विकत, आणि विकत तीही बहुतेक जुनीच.

गरज नव्हती हे विधान मी विचारपूर्वक करतो. सोलापूर हा मूळचा कोरडवाहू, रब्बी ज्वारीचा मुलूख. वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खोल काळी जमीन, पावसाळा सरता सरता केलेली पेरणी आणि माघ-फाल्गुनात काढणी, असा येथील क्रम. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रातून निवडीने सिद्ध झालेली ‘मालदांडी ३५-१’ ही ज्वारी पुरुषभर उंचीच्याही वर जाते, आणि तिच्या दाण्याइतकेच मोल तिच्या कडब्याला असते. ज्वारी हाताने उपटावी, पेंढ्या बांधाव्यात, कणसे मोडून खळ्यावर न्यावीत आणि कडबा गंजीला रचावा, ही वहिवाट अडाणीपणातून आलेली नव्हती. ती जनावरांच्या वर्षभराच्या वैरणीचा चोख हिशेब होता. दाणा टाकीत घेऊन ताटाचा चुराडा मागे टाकणारे यंत्र या हिशेबात बसत नव्हते, आणि ते नाकारण्यात येथील शेतकऱ्याचे शहाणपण होते असे मी आजही मानतो.

पाण्याखालच्या जमिनीत गहू आणि मका वाढला, बार्शीकडे सोयाबीन पसरले, आणि सुगीला मजूर मिळेनासे झाले. तेव्हा पंजाबी चालकांसह गावोगाव फिरणारी यंत्रे आमच्याही रस्त्यांवर दिसू लागली. ती भाड्याने घेता घेता, असे एक आपल्या दारी असावे, ही इच्छा अनेकांच्या मनात रुजली. नव्याची किंमत आवाक्याबाहेर असल्यामुळे नजर साहजिकच वापरलेल्या यंत्रांकडे वळली, आणि तेथेच ‘कोणत्या कंपनीचे घ्यावे’ या वादाला तोंड फुटले.

स्वराजच्या जोडीला पंजाबातल्याच भादसोंची करतार, नाभ्याची प्रीत, मालेरकोटल्याची दशमेश आणि बर्नाल्याकडची स्टँडर्ड ही नावे या वादात येतात. यांचे अभिमानी आपापसांत हिरिरीने भांडले, तरी या यंत्रांची मोठी प्रतिरूपे एकाच वळणाची आहेत : पुढे सुमारे चौदा फुटी कटर बार, आडवा ड्रम, त्याखाली जाळी, मागे पेंढा हलवीत नेणारे वॉकर, आणि पुष्कळांत अशोक लेलँडचे इंजिन. त्यामुळे त्यांची दुरुस्ती जाणणारा मिस्त्री आणि पट्टे, बेअरिंगे, पाती हा माल तुलनेने लवकर सापडतो. २००७ साली पंजाब ट्रॅक्टर्स महिंद्र समूहाकडे गेली, तरी स्वराज हे नाव टिकले. याहून वेगळी जात जर्मन घराण्याच्या क्लास कंपनीच्या ‘क्रॉप टायगर’ची. तिचा कटर बार लहान, सुमारे सात फुटी. म्हणून वाटण्या होऊन अरुंद झालेल्या आमच्या वावरांत ती सहज वळते, आणि तिचे पट्ट्यांवर चालणारे रूप परतीच्या पावसाने ओल्या झालेल्या काळ्या रानातही उतरू शकते. मात्र तिचे सुटे भाग दर तालुक्याच्या पेठेत मिळतील असा भरवसा धरता येत नाही. आणि हंगामात यंत्र चार दिवस उभे राहिले तर त्या वर्षाची कमाईच बुडते.

तरीही माझे मत असे बनले आहे की, जुन्या यंत्राच्या बाबतीत पत्र्यावरच्या नावापेक्षा त्या यंत्राने आजवर कोणते पीक कापले हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. भाताच्या तुसात आणि पेंढ्यात सिलिका असते. ती लोखंड झिजवते, आणि चिखल तळातल्या सांध्यांना गंज चढवतो. भातावर राबलेले आणि गव्हावर राबलेले यंत्र एकाच वर्षीचे असले तरी एकाच वयाचे नसते. तासांच्या मीटरवर विसंबू नये, तो बंद पडलेला किंवा बदललेला असू शकतो. झाकणे उघडून दाणा वर नेणाऱ्या मळसूत्राची कड पाहावी : ती विळ्याच्या पात्यासारखी धारदार झाली असेल, तर विक्रेत्याने न सांगितलेला सारा तपशील तेथे आहे. ड्रमच्या पट्ट्यांवरील खाचा, जाळीच्या तारा, वॉकरच्या दांड्याची बेअरिंगे, मागच्या चाकांच्या पिना, हे सर्व पाहून मग इंजिन थंड असताना सुरू करवावे. ज्याला सोयाबीन कापायचे आहे त्याने ड्रमचा वेग पुरेसा उतरतो काय याची खात्री करावी, कारण भाताकरिता बसविलेला खुंट्यांचा ड्रम वेगाने फिरला की सोयाबीनचा दाणा फुटतो आणि आडतीत भाव पडतो.

कागदपत्रांचा भाग त्रासाचा आहे, पण टाळण्याजोगा नाही. पंजाबातील संगरूरच्या गाड्यांचा क्रमांक पीबी १३ आणि सोलापूरचा एमएच १३. तेवढ्या तेरांवरून दफ्तर काही बदलत नाही. मूळ परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र हवे, आणि यंत्र बँकेकडे तारण असेल तर बोजा उतरविल्याचा दाखलाही हवा. नोंदणीपुस्तकातील इंजिन व चासीचे क्रमांक यंत्रावरील क्रमांकांशी स्वतः ताडून पाहिल्याखेरीज इसार देऊ नये. पैसे गेल्यावर परप्रांतीच्या विक्रेत्यास गाठणे सामान्य शेतकऱ्याच्या बळाबाहेरचे असते.

अलीकडच्या वर्षांत पीकही यंत्राकडे सरकू लागले आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले विक्रम’ हा उंच वाढणारा, यंत्राने काढता येण्याजोगा हरभरा दिला, आणि त्यामुळे ज्यांचे यंत्र केवळ गव्हाच्या थोड्या दिवसांपुरते चाले त्यांना रब्बीत आणखी काम मिळाले. ज्वारीला मात्र असा आधार अजून लाभलेला नाही. याच जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिची कीर्ती वाढली. पण काढणीला माणूस मिळत नाही म्हणून ज्वारीऐवजी उसाकडे वळावेसे वाटणे मला स्वाभाविक दिसते, आणि त्याचे मला दुःख आहे. कणीस वेगळे घेऊन ताट अखंड, पेंढीत बांधून ठेवणारे यंत्र, लहान शेतकऱ्याला परवडेल अशा किमतीत, पंजाबच्या कारागिरांकडून किंवा आमच्याच विद्यापीठाकडून यावे ही मागणी मंगळवेढ्याने मोठ्या आवाजात करायला हवी. जुन्या यंत्रांच्या आजच्या बाजारात, कोणत्याही नावाखाली, ते विकत मिळत नाही.