राजदूत ३५० : मालकांचे मत
जपानच्या यामाहा 'आरडी ३५०' या मोटारसायकलीची भारतीय आवृत्ती एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ साली 'राजदूत ३५०' या नावाने बाजारात आणली. तिच्या जुन्या मालकांपाशी विषय काढावा, की वेगाची स्तुती सुरू होते. ती अकारण नव्हे. तिच्या टू-स्ट्रोक एंजिनाच्या दोन्ही सिलिंडरांत क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यास इंधन पेटते. फोर-स्ट्रोकमध्ये ते दोन फेऱ्यांतून एकदाच पेटते. पेट्रोल फार लागते, हेही ते हसतच कबूल करतात. पण ब्रेकचा विषय निघाला म्हणजे हसू मावळते. जपानी गाडीच्या पुढील चाकास डिस्क ब्रेक होता; भारतीय गाडीस ड्रम ब्रेक बसविला गेला. शक्ती थोडी घटविली होती खरी. तथापि एवढ्या वेगास तो आवर अपुराच! ही काटकसर आम्हांस तरी अक्षम्य वाटते. म्हणूनच कित्येक मालकांनी पुढे पदरमोड करून डिस्क ब्रेक बसवून घेतला.