पोटाची तक्रार आणि कॅन्सरची धास्ती

आरोग्य शिबिरात पोटाचे दुखणे घेऊन आलेले पुष्कळ जण शेवटी आवाज खाली आणून एकच विचारतात, "सिस्टर, कॅन्सर तर नसेल ना?" यांतल्या कुणी सहा महिन्यांत तीन डॉक्टर बदललेले असतात. कुणी भीतीपोटी एकदाही तपासून घेतलेले नसते. नुकसान दोघांचेही होते.

पोटात कळ येते, शौचाला जाऊन आल्यावर कमी होते. कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ. पोट फुगते, आव पडते, पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही. हे महिनोन्महिने चालले, पण वजन टिकून आहे आणि रक्त पडत नाही, तर बहुतेकदा तो 'आयबीएस' असतो. यात आतड्याला जखम किंवा गाठ नसते. त्याची हालचाल बिघडते आणि संवेदना वाढते. मेंदू आणि आतडे मज्जातंतूंनी जोडलेले आहेत, म्हणूनच परीक्षेच्या सकाळी शौचाला धावावे लागते. कॅन्सरची धास्ती हाही ताणच. धास्तीने पोट बिघडते, पोट बिघडले की धास्ती वाढते. हे दुखणे खरे असते, त्याला 'मनाचे खेळ' म्हणू नका. आणि आयबीएसचा पुढे कॅन्सर होत नाही.

मात्र पुढीलपैकी एक जरी लक्षण असेल, तर थांबू नका :

• शौचातून रक्त किंवा डांबरासारखे काळे शौच
• कारण नसताना वजन घटणे
• रक्त कमी होणे, सतत थकवा
• दुखण्याने किंवा जुलाबाने रात्री झोपमोड
• पंचेचाळिशीनंतर शौचाच्या सवयीत पहिल्यांदाच झालेला आणि टिकलेला बदल
• पोटात लागणारी गाठ
• आईवडील किंवा भावंडांना आतड्याचा कॅन्सर

रक्त पडले की "मूळव्याध असेल" म्हणून पाटी लावलेल्या वैदूकडे जाऊ नका. बायका तर हे घरातही सांगत नाहीत. तरुण वयातही आतड्याचा कॅन्सर होतो, म्हणून रक्ताचे कारण डॉक्टरांनीच ठरवू द्या. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळे आणि बीट खाल्ल्याने लालसर होऊ शकते. तेही त्यांना सांगा.

डॉक्टर पोट तपासतात, गरज असल्यास गुदद्वारातून बोटाने तपासतात. लाजू नका, सोबत नर्स हवी असे महिला सांगू शकतात. हिमोग्लोबिन, शौचाची तपासणी आणि गरजेप्रमाणे दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, होते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात याची चौकशी करा. कॅन्सर निघालाच, तर लवकर सापडल्यास तो बरा होण्याची शक्यता चांगली असते आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरवरील उपचारांचा समावेश आहे.

एकदा नीट तपासणी होऊन निर्वाळा मिळाला, की नवे लक्षण नसताना त्याच तपासण्या पुन्हा करू नका. मोबाईलवर रोज लक्षणे शोधणे बंद करा. दोन आठवडे काय खाल्ले, कधी दुखले, झोप किती झाली हे वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. वेळेवर जेवा, रोज चाला. इसबगोल थोड्यापासून सुरू करा, भरपूर पाण्यासोबत घ्या. तरीही भीती झोप आणि कामधंदा हिरावत असेल, तर 'टेली-मानस'च्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला. भीतीवरही उपचार असतो, तो घेण्यात कमीपणा नाही.