एकाच कंपनीचे डबे कशाला?

सहा गिगाहर्ट्झचा खालचा पट्टा वाय-फायसाठी खुला करण्याची बातमी आता सर्वांच्या वाचनात आली आहे. दूरसंचार विभागाने ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झचा मसुदा मे २०२५ मध्ये काढला, आणि तेव्हापासून दुकानात एक सल्ला हमखास मिळतो: घरातलं जुनं सगळं काढा, एकाच कंपनीचा तीन डब्यांचा संच बसवा. हा सल्ला मला पटत नाही. चालू स्थितीतला स्विच आणि दोन वर्षांचा राउटर कचऱ्यात टाकण्याचं कारण बहुतेक घरांत नसतंच.

नव्या पट्ट्यामुळे डब्यांची संख्या मात्र वाढणार, हे खरं. लहरींची वारंवारता जितकी वरची, तितकी आरसीसीची भिंत त्यांना जड जाते. दारापाशी फायबरवाल्याने लावलेला राउटर मागच्या खोलीपर्यंत पुरत नाही. मग तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट येतो, मध्ये एक स्विच येतो, आणि तिन्हींवर तीन वेगळी नावं असतात. तारेचं ८०२.३ आणि हवेतलं ८०२.११ ही मानकं सगळ्यांना सारखीच आहेत. भांडण सुरू होतं ते त्यांच्यावर प्रत्येक कंपनीने चढवलेल्या सोयींत, आणि कारखान्यातून येणाऱ्या सेटिंगमध्ये. प्रत्येक राउटर घरात आपण एकटेच आहोत असं धरून चालतो.

म्हणून पहिली तपासणी पत्त्यांची. फोनमध्ये वाय-फायचा तपशील उघडून गेटवेचा आकडा पाहावा. हॉलमध्ये १९२.१६८.१.१ आणि बेडरूममध्ये १९२.१६८.०.१ दिसलं, तर घरात दोन राउटर पत्ते वाटत आहेत. प्रिंटर एका बाजूला, लॅपटॉप दुसऱ्या बाजूला, आणि दोष मात्र प्रिंटरवर. दुसऱ्या डब्यात ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडावा. नसेल तर त्याचा डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याची सोय, बंद करावा, त्याला मोकळा वेगळा पत्ता द्यावा आणि तार वॅनऐवजी लॅन पोर्टमध्ये लावावी.

वेग नेमका ९०-९५ मेगाबिटवर अडकत असेल तर ॲप उघडण्यात वेळ घालवू नये. गिगाबिटला तारेच्या चारही जोड्या लागतात. क्रिम्पिंग करताना एक जरी नीट बसली नाही, तर दोन्ही टोकांचे डबे बऱ्याचदा गुपचूप १०० मेगाबिटवर उतरतात. ब्रँडचा इथे काही संबंध नाही.

खरा घात होतो तो वळशात. कुणीतरी मोकळी दिसलेली तार स्विचच्या दुसऱ्या पोर्टात खोचतं आणि दोन मिनिटांत अख्खं घर बंद पडतं, दिवे मात्र सगळे वेड्यासारखे लुकलुकत राहतात. कारण इथरनेटच्या चौकटीला आयुष्याची मर्यादाच नाही. इंटरनेटच्या पाकिटात प्रत्येक टप्प्यावर कमी होणारा आकडा असतो. इथे तसं काही नाही. सर्वांसाठी पाठवलेला संदेश वळशात फिरत राहतो, प्रत्येक फेरीत त्याच्या नव्या प्रती निघतात.

यावरचा उपाय रेडिया पर्लमन यांचा आहे. १९८५ मध्ये त्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये होत्या. वरिष्ठांनी शुक्रवारी हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला आणि ते आठवडाभराच्या रजेवर गेले. पर्लमन यांना उत्तर त्याच रात्री सुचलं, सोमवार-मंगळवारात तपशील लिहून झाला, आणि उरलेल्या दिवसांत त्यांनी त्यावर एक कविता केली. ती या कल्पनेवरच्या शोधनिबंधातही छापली गेली. कल्पना अशी: सगळ्या स्विचनी मिळून एक मूळ निवडायचं, तिथून प्रत्येकापर्यंत एकच वाट चालू ठेवायची, बाकीच्या वाटा तार जोडलेली असूनही बंद ठेवायच्या. चालू वाट तुटली की बंदपैकी एक आपोआप उघडते. कुणी व्यवस्थापक लागत नाही. चाळीस वर्षांनंतरही हे स्पॅनिंग ट्री जगभरच्या स्विचमध्ये चालतं, आणि मला ही संगणकशास्त्रातल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटते.

मिश्र घरात ती अडते कुठे? मूळ ठरतं प्राधान्याच्या सर्वांत लहान आकड्यावर, आणि तो आकडा बहुतेक सर्व कंपन्या ३२७६८ ठेवतात. बरोबरी झाली की ज्याचा मॅक पत्ता सर्वांत लहान तो जिंकतो, मग तो माळ्यावरून काढलेला जुना स्विच का असेना. सेटिंग बदलता येणाऱ्या मुख्य स्विचवर ४०९६ टाकलं की निवडणूक आपल्या हाती येते. स्वस्त, साध्या स्विचमध्ये तर ही व्यवस्थाच नसते. शिवाय काही मेश संचांचे डबे तारेवरून एकमेकांना ओळखायला १९०५.१ या मानकाचे संदेश पाठवतात, आणि काही स्विच ते गिळून टाकतात. मग डबे तारेनेही जोडलेले आणि हवेतूनही, आणि वळसा तयार. शंका आली की मधला स्विच काढून तार थेट जोडून पाहावी. त्याने नाही भागलं तर सगळं सोडवून एकेक डबा लावत जावं.

खोली बदलली तरी फोन जुन्याच ॲक्सेस पॉइंटला चिकटून राहतो, ही तक्रार घरोघरी आहे. कुठे जोडायचं हा निर्णय फोनचा असतो, राउटरचा नाही. दोन्हीकडे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार तंतोतंत सारखा हवा. एकीकडे डब्ल्यूपीए२ आणि दुसरीकडे डब्ल्यूपीए३ ठेवून चालणार नाही. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ किंवा ११, आणि शक्ती कमी. वेगवेगळ्या कंपन्यांच्या डब्यांत ८०२.११आर ही झटपट डबा बदलण्याची सोय बंदच ठेवावी, कारण त्यासाठी लागणाऱ्या किल्ल्या सहसा ते एकमेकांना देत नाहीत.

फोनवरून टीव्ही दिसतो आणि चार-साडेचार मिनिटांनी नाहीसा होतो? तर स्विचमधलं आयजीएमपी स्नूपिंग पाहा. ते चालू असलं की नेटवर्कवर कुणीतरी अधूनमधून ‘कोण ऐकतंय?’ असं विचारावं लागतं. विचारणारा नसला तर ऐकणाऱ्याची नोंद २६० सेकंदांनी पुसली जाते. हा विचारणारा, म्हणजे क्वेरियर, चालू करा, किंवा स्नूपिंगच बंद करा. घरात त्याची फारशी गरज नसते.

ब्रँडची सरमिसळ खरोखर यंत्र जाळू शकते अशी जागा एकच: तारेतून वीज, म्हणजे पीओई. ८०२.३एएफ किंवा ८०२.३एटी या मानकांचा स्विच आधी अगदी कमी दाब देऊन पलीकडच्या यंत्राची ओळख पटवतो आणि मगच पूर्ण वीज सोडतो. काही जुन्या ॲक्सेस पॉइंटसोबत आलेले २४ व्होल्टचे ‘पॅसिव्ह’ इंजेक्टर काहीच न विचारता वीज सोडतात. तसा इंजेक्टर चुकून लॅपटॉपच्या किंवा दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याच्या पोर्टला लागला तर पोर्ट कायमचं जाऊ शकतं. दोन्हींच्या खोक्यांवर ‘पीओई’ हीच अक्षरं असतात. विक्रेत्यांनी मानकाचा आकडा आणि व्होल्ट मोठ्या अक्षरांत छापण्याची सक्ती व्हायला हवी. ती होईपर्यंत ॲडॉप्टरवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय तार जोडू नये, आणि पॅसिव्ह इंजेक्टरवर तो कोणत्या डब्याचा आहे ते मार्करने लिहून ठेवावं.