स्वच्छ इंधनाची साठ वर्षे

गरिबाच्या चुलीपर्यंत निर्धूर इंधन पोहोचविण्याच्या आपल्या देशातील प्रयत्नांना आता साठ वर्षे उलटून गेली आहेत, आणि त्यांचा मागोवा घेऊ लागले म्हणजे एक गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास येते, ती ही की ज्याच्यापाशी आधीच काही होते, त्याच्याच घरी प्रत्येक योजना सुखाने नांदली.

जशभाई पटेल यांनी सिद्ध केलेले, तरंगत्या लोखंडी टाकीचे गोबरगॅस संयंत्र खादी व ग्रामोद्योग आयोगाने 1960च्या दशकाच्या आरंभी हाती घेतले. कल्पना खरोखरच उदात्त होती. परंतु दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे 50 किलो शेण लागे, म्हणजे गोठ्यात चार जनावरे हवीत, आणि जिच्या दारात एखादी शेळी तेवढी बांधलेली, ती भूमिहीन मजुराची बायको वाटेवरचे शेण वेचून गोवऱ्याच थापीत राहिली. 1984 साली विटांच्या घुमटाचा ‘दीनबंधू’ नमुना आला आणि खर्च उतरला. शेणाची गरज मात्र उतरली नाही.

1980च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तो थेट झोपडीतील चुलीपाशी पोहोचला म्हणून मला विशेष मोलाचा वाटतो. मातीची चूल, तिच्या मागे वैल आणि छपरातून वर काढलेले सिमेंटचे धुराडे, अशी ती साधी रचना. पण चुलीचे तोंड मापाचे, आणि रानातून आणलेली मोळी बेमाप. दिवसभर खुरपणी करून आलेल्या बाईने तिन्हीसांजेला सरपण बारीक फोडीत बसावे, ही अपेक्षाच अन्यायाची होती. तिने कोयत्याने ते तोंड रुंद केले, धुराड्यात काजळी साचली, आणि धूर पुन्हा घरात कोंडू लागला. दप्तरी नोंद होई ती मुख्यतः बसविलेल्या चुलींची. वर्षभराने त्यांतील किती पेटतात, याची फेरतपासणी तिच्या मानाने फारच तुटपुंजी. तीन कोटींहून अधिक चुली बसवून 2002 साली केंद्राने हा कार्यक्रम आवरता घेतला.

1 मे 2016 रोजी बलिया येथे स्वयंपाकाच्या गॅसच्या उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला, आणि 7 सप्टेंबर 2019 रोजी आठ कोटीवी जोडणी औरंगाबादेत देण्यात आली. घरातील स्त्रीच्या नावे जोडणी देण्याची तजवीज, हे मी या योजनेचे मोठे पुण्य मानतो. तथापि महालेखापरीक्षकांच्या 2019च्या अहवालात, वर्ष पूर्ण झालेल्या लाभार्थींची टाकी भरून घेण्याची वार्षिक सरासरी अवघी 3.21 भरली. म्हणजे शेगडी आली, तरी चूल विझली नाही. 2022 साली टाकीमागे 200 रुपयांचे अनुदान मंजूर झाले, पुढच्या वर्षी ते 300 झाले. परंतु टाकी दाराशी येते तेव्हा पूर्ण किंमत रोख मोजावी लागते आणि अनुदान मागाहून खात्यात जमा होते. ज्याची मजुरी आठवड्याच्या बाजाराला हाती येते, त्याला एवढी रक्कम एकदम उभी करणे जड जाते. पाच किलोच्या लहान टाकीची सोय योजनेत आहेच. ती गावोगावच्या किराणा दुकानात, अनुदान वजा केलेल्या दराने मिळेल, अशी व्यवस्था आता अग्रक्रमाने व्हावयास हवी.