पालीची चुकचुक आणि फुरशाची खरखर

छत्रपती संभाजीनगरांत गुलमंडीकडच्या एखाद्या जुन्या घरीं दिवेलागणीला बोलणें चाललें असतां आढ्यावरून ‘चुक् चुक्’ असा आवाज आला, कीं बोलणाऱ्याचें वाक्य अर्धवट राहतें. शंकेची पाल मराठींत उगाच चुकचुकत नाहीं. पाल अंगावर पडल्याचीं शुभाशुभ फळें तर पंचांगांतहि दिलेलीं असतात. पालीला मात्र घरांतील माणसांच्या बेतांशीं कांहीं कर्तव्य नसतें.

तिचें बोलणें दुसऱ्या पालीशीं असतें. फुफ्फुसांतील हवा ती कंठद्वारांतून तुटक तुटक सोडते. तेथील स्वरतंतूंच्या घड्या कंप पावतात आणि आवाजांची माळ उमटते. हा नाद बहुधा नराचा. ‘ही भिंत माझी’ असें तो दुसऱ्या नरास बजावतो. सरपटणाऱ्या प्राण्यांत असा कंठ थोड्यांनाच लाभला आहे. कुंपणावरचा सरडा जवळजवळ मुकाच. गळ्याला रंगीत पंखा असलेल्या महाराष्ट्रांतील कांहीं सरड्यांच्या गटाला २०१६ सालीं शास्त्रज्ञांनीं ‘सरडा’ हें मराठी नांवच दिलें; त्यांतील नर आवाज न करतां पंखा उघडून दाखवितो.

सापाला तर स्वरतंतूच नसतात. घोणस अंग फुगवून हवा कंठद्वारांतून जोरानें लोटते. कुकरच्या शिटीची आठवण व्हावी इतका तो फूत्कार मोठा असतो. फुरशाची तऱ्हा त्याहून विलक्षण. खडकाळ माळावर दगडाखालीं दडणारा हा जेमतेम हातभर लांबीचा साप आपलीं वेटोळीं एकमेकांवर घासतो. त्याच्या कुशीच्या खवल्यांना करवतीसारखे दांते असल्यामुळें, तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडावें तसा आवाज होतो. श्वास न दवडतां शरीरांतील ओलावा राखण्याची ही युक्ति असावी, असा तर्क आहे. कोरड्या मुलखांत तो पटण्यासारखा आहे.

निरुपद्रवी चुकचुकीला दचकणारा माणूस कडब्याच्या गंजीपाशीं ही खरखर ऐकून ‘किडा असेल’ म्हणून खुशाल हात घालतो! असा आवाज येतांच पाऊल जागींच थांबवावें आणि त्याची दिशा कळल्यावर हळूहळू मागें सरावें. दंश झालाच, तर आवळून बांधणें, चीर देणें, मांत्रिक गांठणें, यांत वेळ न घालवितां, तो अवयव हलूं न देतां रोग्यास मोठ्या रुग्णालयांत न्यावें. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चौघांच्याहि विषावर तेथें एकच प्रतिविष टोंचतात. दंश करणारा साप मारून बरोबर नेण्याची गरज नसते.