पक्षफुटीची बातमी आणि इंग्रजी वाक्प्रचार

मार्च २०२० मध्ये मध्य प्रदेशातील काँग्रेसचे अनेक बंडखोर आमदार बेंगळुरूत मुक्कामाला होते. अखेर २० मार्च रोजी मुख्यमंत्री कमलनाथ यांनी राजीनामा दिला. त्या काळात इंग्रजी वृत्तांतून ‘हॉर्स ट्रेडिंग’ आणि ‘फ्लोअर टेस्ट’ हे शब्द वारंवार येत होते. असे शब्द मराठीत आणताना अर्थ नेमका राखणे आवश्यक ठरते.

इंग्रजीत ‘हॉर्स ट्रेडिंग’ म्हणजे मुळात चतुराईची घासाघीस. भारतीय राजकारणात मात्र त्यातून पैसे किंवा पदाच्या आमिषाचा आरोप सूचित होतो. त्यामुळे ‘घोडेबाजार झाला’ असे परस्पर न लिहिता हा आरोप कोणी केला, हे नमूद करावे लागते. ‘फ्लोअर टेस्ट’साठी ‘बहुमत चाचणी’ हा स्पष्ट शब्द आहे, तर ‘कुंपणावर बसलेल्या’ आमदारांसाठी मराठीत ‘तळ्यात-मळ्यात’ आहेच.

‘व्हिप’ या शब्दाबाबत अधिक दक्षता हवी. इंग्रजीत आदेश देणारा आणि आदेश, दोहोंसाठी हाच शब्द वापरला जातो. मराठीत व्यक्तीला ‘प्रतोद’ आणि आदेशाला ‘पक्षादेश’ म्हणतात. २०२२ मध्ये शिवसेनेच्या ५५ पैकी ४० आमदार एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले, तेव्हा सुनील प्रभू की भरत गोगावले, खरा प्रतोद कोण, हाच वादाचा एक प्रमुख मुद्दा होता. प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाला नसून राजकीय पक्षाला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी स्पष्ट केले. तेथे दोन अर्थांची सरमिसळ झाली, तर निकालाचा गाभाच वाचकापर्यंत पोहोचत नाही.

‘व्हर्टिकल स्प्लिट’चे ‘उभी फूट’ हे रूप आता रुळले आहे. मात्र ‘फूट’ या शब्दाला कायद्याचा इतिहास आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात एकतृतीयांश सदस्य फुटल्यास त्यांना अपात्रतेपासून संरक्षण होते. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ते रद्द झाले. आता विलीनीकरणाचा अपवाद उरला असून, त्यासाठी विधिमंडळ पक्षाच्या किमान दोनतृतीयांश सदस्यांची संमती लागते. म्हणूनच बातमीत ‘उभी फूट’ लिहिताना एकूण आमदार किती आणि बाहेर पडले किती, हे आकडेही द्यावेत. अन्यथा केवळ शब्दाच्या जोरावर फुटीला कायदेशीर मान्यता असल्याचा समज होऊ शकतो.