कंपायलर बदलला की लायब्ररी रुसते

फायनल इयरला ‘फाइल एन्क्रिप्शन’ घेणारे दोन-तीन ग्रुप दरवर्षी असतातच. सोर्स उतरवला, ‘मेक’ मारलं की स्क्रीनभर एरर, आणि मग रात्री आमच्या रूमचं दार वाजतं. यंदा क्रिप्टो++ वाल्या दोन ग्रुपचं निस्तरलं, म्हणून सगळ्यांसाठी एकदाच लिहून ठेवतोय.

एईएसच्या फेऱ्या थेट प्रोसेसरमध्ये करणाऱ्या सूचना इंटेलने २००८ मध्ये जाहीर केल्या. व्हिज्युअल सी++ त्या काही न विचारता स्वीकारतो. जीसीसी मात्र ‘-एमएईएस’ हा फ्लॅग दिल्याशिवाय ‘टार्गेट स्पेसिफिक ऑप्शन मिसमॅच’ म्हणत अडून बसतो. एरर लांबलचक, अर्थ एवढाच, की ही सूचना वापरायची परवानगी त्याला कोणी दिलेली नाही.

यावर सगळ्यांचा आवडता उपाय म्हणजे ‘-एमआर्क=नेटिव्ह’. बिल्ड होतं हो! पण मग अख्खी लायब्ररी तुमच्याच मशीनच्या मापाने शिवली जाते. सबमिशनच्या दिवशी लॅबमधल्या जुन्या पीसीवर तेच बायनरी चालवलं की ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’, आणि एक्स्टर्नल शेजारीच बसलेले. त्यापेक्षा फ्लॅग फक्त त्या एका फाइलला (इथे ‘राइनडाल_सिम्ड’) द्यावा आणि बाकी कोड साधा ठेवावा. प्रोसेसरमध्ये ही सोय आहे का, हे लायब्ररी चालताना ‘सीपीयूआयडी’ला विचारते, नसेल तर साध्या कोडवर जाते.

क्लँगचं दुखणं वेगळं, आणि मला जास्त धोक्याचं वाटतं, कारण एरर येतच नाही. तो स्वतःला जीसीसी ४.२.१ म्हणवून घेतो. ‘-एमएईएस’ आला जीसीसी ४.४ मध्ये. म्हणजे कोडमध्ये नुसतं ‘जीसीसी ४.४ किंवा पुढचा’ तपासलं असेल, तर नवाकोरा क्लँगसुद्धा नापास! उत्तर बरोबर येतं, पण वेग गेलेला, आणि रिपोर्टमधला तक्ता फुकट. म्हणून क्लँगची तपासणी आधी करा. त्याहून बरं म्हणजे आवृत्तीचा आकडा सोडून द्यायचा आणि तो फ्लॅग देऊन चार ओळींची फाइल कंपाइल होते का ते बघायचं. क्रिप्टो++ ची मेकफाइल ‘टेस्टप्रोग्राम्स’ फोल्डरमधल्या फाइलींनी हेच करते.

फ्लॅग बदलला की ‘मेक क्लीन’ करा, नाहीतर जुन्या-नव्या ऑब्जेक्ट फाइलींची खिचडी होते. नंतर ‘क्रिपटेस्ट.ईएक्सई व्ही’ चालवा, आणि तेही लॅबच्या पीसीवर.